आई-वडिलांसाठी पहिला डीएसएलआर कॅमेरा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

निवृत्त झालेल्या किंवा निवृत्तीच्या उंबरठ्यावर असलेल्या आई-वडिलांना डीएसएलआर घेऊन देऊ पाहणाऱ्या मुलामुलींकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. बहुतेकांची सुरुवात मेगापिक्सेलपासून होते. उत्तरे मात्र डोळे, मनगट आणि व्हॉट्सअ‍ॅप यांपाशी येऊन थांबतात. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसऱ्यात पुन्हा सांगण्याऐवजी त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. चांगला फोन हातात असताना आईला किंवा बाबांना डीएसएलआर कशाला हवा?

डीएसएलआरमध्ये लेन्समधून आलेला प्रकाश आरशावरून वर वळतो आणि व्ह्यूफाइंडरला लावलेल्या डोळ्याला समोरचे दृश्य थेट दिसते. बटण दाबताच आरसा उचलला जातो आणि तोच प्रकाश सेन्सरवर पडतो. या वर्गातील सेन्सर एपीएस-सी आकाराचा, म्हणजे निकॉनमध्ये २३.५ × १५.६ आणि कॅननमध्ये २२.३ × १४.९ मिलिमीटर असतो. फोनमधील सेन्सर त्याच्या तुलनेत फारच लहान असतो. त्यामुळे दूरचा पक्षी, रंगमंचावरील नात किंवा मागची पार्श्वभूमी धूसर असलेला चेहरा हे विषय डीएसएलआर सहज हाताळतो, आणि भर उन्हात फोनचा पडदा दिसेनासा होतो तेव्हाही व्ह्यूफाइंडरमधील चित्र स्पष्ट राहते.

मात्र रात्रीचे रस्ते किंवा खिडकीसमोर उभी असलेली माणसे यांचे फोटो फोन अनेक चौकटी एकत्र जोडून लगेच नीट करून देतो, तर डीएसएलआरवर त्यासाठी थोडे शिकावे लागते. घरातील कार्यक्रमांचे फोटो काढून लगेच नातेवाइकांना पाठवणे एवढीच हौस असेल, तर तोच पैसा चांगल्या फोनवर खर्च करणे शहाणपणाचे आहे.

२. सगळे मिररलेसकडे (आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांकडे) वळले असताना आता डीएसएलआर घेणे चुकीचे नाही का?

नव्या डीएसएलआरची वाट पाहण्यात अर्थ नाही, हे खरे आहे. निकॉनने डी३५०० आणि डी५६०० यांचे उत्पादन थांबवले आहे, आणि कॅननचे या वर्गातील शेवटचे महत्त्वाचे मॉडेल २०२०मधील आहे. परंतु ज्यांना दर दोन वर्षांनी कॅमेरा बदलायचा नाही, त्यांच्या दृष्टीने हा फार मोठा दोष नव्हे. कॅननच्या डीएसएलआरवर बसणाऱ्या ईएफ आणि ईएफ-एस लेन्स पुढे अ‍ॅडॅप्टर लावून कंपनीच्या आर मालिकेतील मिररलेस कॅमेऱ्यांवर ऑटोफोकससह चालतात, त्यामुळे लेन्सवर घातलेला पैसा बुडत नाही.

डीएसएलआरच्या बाजूने सर्वांत भक्कम मुद्दा बॅटरीचा आहे. प्रमाणित चाचणीनुसार डी३५०० एका चार्जमध्ये १,५५० फोटो काढतो. आठ दिवसांच्या सहलीत चार्जर शोधावा लागत नाही. मिररलेसच्या बाजूचा मुद्दा मात्र दुकानात सहसा कोणी सांगत नाही: त्याच्या इलेक्ट्रॉनिक व्ह्यूफाइंडरमध्ये काढलेला फोटोही पाहता येतो आणि मेन्यूही वाचता येतो, त्यामुळे प्रत्येक फोटोनंतर चाळिशी शोधावी लागत नाही. धावत्या नातवंडांचे व्हिडिओ हाच मुख्य हेतू असेल, तर कॅननचा आर५० पाहावा. त्याच घराण्यातील आर१०० स्वस्त आहे, पण त्याचा पडदा स्पर्शाला प्रतिसाद देत नाही.

३. मग नेमके कोणते मॉडेल घ्यावे?

नवीन घ्यायचा असेल तर कॅनन २००डी मार्क टू, आणि जुना चालणार असेल तर निकॉन डी३५०० किंवा डी५६००, असे आमचे स्पष्ट मत आहे.

२००डी मार्क टूचे वजन बॅटरी आणि कार्डासह सुमारे ४४९ ग्रॅम आहे. त्याचा पडदा बाहेर काढून हव्या त्या कोनात वळवता येतो आणि फोनप्रमाणे बोटाने वापरता येतो. पडद्यावर पाहून फोटो काढतानाही त्याचा फोकस झटपट बसतो, आणि फोनची सवय असलेल्या व्यक्तीला हा फरक पहिल्याच दिवशी जाणवतो. १५००डी हा त्याचा स्वस्त भाऊ आहे. २४.१ मेगापिक्सेलचा आकडा दोघांचाही सारखाच आहे, पण १५००डीचा पडदा स्थिर असून त्याला स्पर्श कळत नाही, आणि पडद्यावर पाहून फोटो काढताना फोकस रेंगाळतो. बाबा कायम व्ह्यूफाइंडरलाच डोळा लावणार असतील, तर १५००डी पुरेसा आहे.

डी३५०० हलका, साधा आणि चिवट आहे. बॅटरी-कार्डासह त्याचे वजन सुमारे ४१५ ग्रॅम भरते. डी५६००मध्ये वळणारा स्पर्शपडदा आणि ३९ फोकसबिंदू मिळतात.

कॅनन ३०००डी मात्र आई-वडिलांसाठी घेऊ नये. तो यादीत सर्वांत स्वस्त दिसतो म्हणून भेट देणाऱ्यांची नजर प्रथम त्याच्यावर जाते. त्याचा २.७ इंची पडदा लहान आणि कमी तपशिलाचा आहे, फ्लॅश बोटाने ओढून वर काढावा लागतो, लेन्स बसवण्याची कडी प्लॅस्टिकची आहे, आणि त्याच्या व्ह्यूफाइंडरला डोळ्याच्या नंबराप्रमाणे जुळवून घेण्याची सोयच नाही. हा शेवटचा दोष किती मोठा आहे, ते पुढच्या उत्तरात कळेल.

४. बाबांना चष्मा आहे. व्ह्यूफाइंडरमधून त्यांना नीट दिसेल का?

खरेदीपूर्वी विचारण्याचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच आहे. व्ह्यूफाइंडरशेजारी एक छोटी चाकी असते, तिला डायॉप्टर म्हणतात. ती फिरवली की आतील चित्र वापरणाऱ्याच्या डोळ्याला स्पष्ट होते. फोकसवर तिचा काहीही परिणाम होत नाही. ती फक्त बघणाऱ्यासाठी असते. ती चुकीच्या जागी असली, तर कॅमेरा उत्तम फोटो काढत असूनही बाबांना सगळे पुसट दिसते आणि "कॅमेरा खराब आहे" किंवा "माझे डोळे गेले" यांपैकी एक निष्कर्ष काढून ते कॅमेरा कपाटात ठेवतात. तरुण डोळा थोड्या चुकीशी आपोआप जुळवून घेतो. साठीच्या डोळ्यात ती लवचीकता उरलेली नसते, म्हणून मुलाने दुकानात पाहून "छान दिसतंय" म्हणणे उपयोगाचे नाही.

या चाकीचा पल्ला प्रत्येक मॉडेलमध्ये वेगळा असतो: डी३५००मध्ये उणे १.७ ते अधिक ०.५, १५००डीमध्ये उणे २.५ ते अधिक ०.५, आणि २००डी मार्क टूमध्ये उणे ३ ते अधिक १. येथे लांबचा नंबर विचारात घ्यायचा असतो, वाचण्याचा नाही. लांबचा नंबर नसलेल्या आणि केवळ चाळिशी वापरणाऱ्या व्यक्तीला या तिन्ही कॅमेऱ्यांत चष्म्याविना स्पष्ट दिसते. लांबचा नंबर उणे दीड असेल तरी चष्मा काढून काम भागते. नंबर पल्ल्याबाहेरचा असेल किंवा त्यात सिलिंडरचा मोठा भाग असेल, तर चाकी पुरी पडत नाही आणि चष्मा लावूनच पाहावे लागते. अशा वेळी डोळा काचेपासून किती दूर ठेवूनही पूर्ण चौकट दिसते हे महत्त्वाचे ठरते; ते अंतर १५००डीमध्ये सुमारे २१, २००डी मार्क टूमध्ये १९ आणि डी३५००मध्ये १८ मिलिमीटर आहे. बायफोकल किंवा प्रोग्रेसिव्ह चष्मा असेल, तर काचेच्या वरच्या भागातून पाहण्याची सवय लावावी.

खरी तारांबळ त्यानंतर होते. व्ह्यूफाइंडरसाठी चष्मा नको आणि मागचा पडदा वाचायला चाळिशी हवी, अशी स्थिती बहुतेकांची असते. गळ्यात दोरी लावलेली चाळिशी हा त्यावरचा जुना आणि उत्तम उपाय आहे. वळणारा पडदा असेल तर कॅमेरा पुस्तकासारखा छातीपाशी धरून वाचण्याच्या अंतरावर आणता येतो, आणि २००डी मार्क टूला झुकते माप देण्याचे हेही एक कारण आहे.

५. आईची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया व्हायची आहे. थांबावे का?

कॅमेरा घेण्यास हरकत नाही, पण डोळ्याचा अंतिम नंबर ठरेपर्यंत कोणत्याही अनुभवावरून मत बनवू नये. शस्त्रक्रियेनंतर चाकी पुन्हा जुळवावी लागेल. एकाच डोळ्याची शस्त्रक्रिया झालेली असेल, तर व्ह्यूफाइंडरला कोणता डोळा लावायचा हे ठरवून त्याच डोळ्यासाठी ती जुळवावी. कधी व कसा वापर सुरू करावा, हे डोळ्यांच्या डॉक्टरांनीच सांगावे.

६. वजन पेलेल का? आईचा हात थोडा थरथरतो आणि मनगट दुखते.

बॉडी आणि तिच्यासोबत किटमध्ये मिळणारी १८ ते ५५ मिलिमीटरची (१८-५५) लेन्स मिळून साधारण साडेसहाशे ग्रॅम होतात. दोन मिनिटांसाठी ते फार नसते. तासभर गळ्यात लटकले की मानेला जाणवते. खांद्यावरून तिरका जाणारा रुंद पट्टा वजन पाठीवर वाटून देतो. बोटांच्या सांध्यांना त्रास असेल, तर दुकानात लेन्स काढण्या-घालण्याचे बटण आणि कार्डाचे झाकण आईकडूनच उघडून घ्यावे, कारण नेमक्या त्याच ठिकाणी ताकद लागते.

थरथरीवर लेन्समधील स्थिरीकरण उपयोगी पडते. कॅनन त्याला आयएस म्हणते, निकॉन व्हीआर. कॅननच्या १८-५५ लेन्सची आयएस नसलेली आवृत्तीही किटमध्ये विकली जाते, म्हणून खोक्यावरील मजकूर नव्हे, तर लेन्सवर छापलेली अक्षरे वाचावीत. स्थिरीकरण हात सावरते, समोर धावणाऱ्या मुलाला थांबवत नाही. त्यासाठी शटरचा वेग सेकंदाच्या २५०व्या भागापर्यंत किंवा त्याहून वर न्यावा लागतो.

७. १८-५५ लेन्स पुरेशी आहे का?

पहिल्या सहा महिन्यांसाठी पुरेशी आहे, आणि तोपर्यंत दुसरी लेन्स न घेणे उत्तम. १८ मिलिमीटरवर अंगणातील पूर्ण कुटुंब मावते, ५५वर चेहरा चांगला येतो. त्यानंतर कोणते फोटो जास्त निघाले, ते पाहून ठरवावे. घरात कमी उजेडात नातवंडांचे फोटो काढले जात असतील, तर कॅननसाठी ५० मिलिमीटर एफ/१.८ एसटीएम आणि निकॉनसाठी ३५ मिलिमीटर एफ/१.८जी डीएक्स या जास्त प्रकाश आत घेणाऱ्या, हलक्या आणि तुलनेने स्वस्त लेन्स आहेत. लहान खोल्यांत ५० मिलिमीटरची लेन्स लावून भिंतीला पाठ टेकावी लागते, हे लक्षात ठेवावे. सणासुदीला दोन लेन्सचे किट स्वस्त दिसते. निकॉनच्या अशा किटमधील ७०-३०० लेन्स व्हीआर आणि व्हीआरविना अशा दोन्ही प्रकारांत येते, आणि व्हीआर नसलेली ७०-३०० ज्येष्ठ व्यक्तीच्या हातात देणे म्हणजे पैसे वाया घालवणे आहे.

८. बाबांना पक्ष्यांचे फोटो काढायचे आहेत. कोणती लेन्स द्यावी?

कॅननवर ५५-२५० आयएस एसटीएमपासून सुरुवात करावी. कॅननचा सेन्सर लहान असल्यामुळे तिच्या लांब टोकाची चौकट फुलफ्रेमवरील (३५ मिलिमीटर फिल्मएवढ्या मोठ्या सेन्सरवरील) ४०० मिलिमीटरइतकी अरुंद होते. भिगवणला उजनी जलाशयावर नावेतून रोहित पक्ष्यांचा थवा टिपायला एवढी लेन्स पुरते. दूरच्या फांदीवरील खंड्या मात्र चौकटीत लहानच दिसतो. त्यापुढच्या ६०० मिलिमीटरपर्यंतच्या लेन्स दोन किलोच्या आसपास वजनाच्या असतात, आणि प्रश्न ६ मधील मनगट येथे पुन्हा आडवे येते. केवळ पक्षीच हवे असतील, तर निकॉन पी९५०सारखा ८३ पट झूमचा, लेन्स न बदलणारा कॅमेरा एक किलोच्या आसपास वजनात जास्त दूर पोहोचतो. पहाटेच्या अंधुक उजेडात त्याचे फोटो कमी प्रतीचे येतात, पण पक्षी ओळखण्यासाठी आणि नोंद ठेवण्यासाठी ते उत्तम असतात.

९. मेन्यू मराठीत असतो का?

निकॉनच्या डी३५०० आणि डी५६०० यांच्या भाषांच्या यादीत मराठी आहे. कॅननच्या १५००डी आणि २००डी मार्क टू यांच्या यादीत नाही. मराठी मेन्यू आवडतो की नाही, हे व्यक्तीवर अवलंबून असते. ज्यांनी आयुष्यभर बँकेत किंवा कचेरीत इंग्रजी कागद हाताळले, त्यांना "शटर" आणि "आयएसओ" हेच शब्द सोपे वाटतात. डी३५००मधील गाइड मोड मात्र भाषेपेक्षाही उपयोगी आहे: दूरचा विषय, धावणारा विषय किंवा मऊ पार्श्वभूमी यांपैकी काय हवे ते निवडले की कॅमेरा टप्प्याटप्प्याने मांडणी करून देतो.

१०. काढलेले फोटो त्यांना व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतः पाठवता येतील का?

भेट दिलेला कॅमेरा वापरात राहतो की नाही, ते बहुधा येथेच ठरते. २००डी मार्क टूमध्ये वायफाय आणि ब्लूटूथ दोन्ही आहे, १५००डीमध्ये वायफाय आहे. डी३५००मध्ये फक्त ब्लूटूथ आहे. तो सुमारे २ मेगापिक्सेलच्या छोट्या प्रती फोनवर पाठवतो, आणि व्हॉट्सअ‍ॅपसाठी त्या पुरतात. तरीही अ‍ॅप आणि कॅमेरा यांची जोडणी अधूनमधून तुटते, आणि मुलगा परगावी असला की ती पुन्हा जोडून देणारे कोणी नसते. त्यापेक्षा फोनच्या चार्जिंगच्या खाचेत बसणारा कार्ड रीडर द्यावा. कार्ड काढा, रीडरमध्ये घाला, फोटो निवडा, पाठवा, ही कृती एकदा कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून कॅमेऱ्याच्या बॅगेत ठेवली की ती विसरली जात नाही.

११. मी परदेशात राहतो. तिथूनच आणला तर चालेल का?

कॅमेऱ्याच्या बॉडीची वॉरंटी सहसा विक्रीच्या प्रदेशापुरती असते, त्यामुळे तिकडचा कॅमेरा बिघडला तर भारतात मोफत दुरुस्तीची अपेक्षा ठेवू नये. नावांचाही घोळ असतो. आपल्याकडचा १५००डी युरोपात २०००डी आणि अमेरिकेत रेबेल टी७ या नावाने विकला जातो. २००डी मार्क टूला युरोपात २५०डी आणि अमेरिकेत रेबेल एसएल३ म्हणतात. आपल्याकडे ३०००डी म्हणून मिळणारा, प्रश्न ३ मध्ये टाळण्यास सांगितलेला कॅमेरा युरोपात ४०००डी या नावाने भेटतो, आणि आकडा मोठा असल्यामुळे तो वरचा वाटतो. चार्जर १०० ते २४० व्होल्टवर चालतो, फक्त पिन बदलावी लागते. जपानमधील देशांतर्गत विक्रीच्या कॅमेऱ्यांत भाषा मोजक्याच असू शकतात. सुट्या लिथियम बॅटऱ्या विमानात हातातील सामानातच ठेवाव्या लागतात.

१२. दुकानदार बिलाशिवाय स्वस्तात देतो म्हणतो. घ्यावा का?

घेऊ नये. डिजिटल कॅमेऱ्यांवर जानेवारी २०१९पासून १८ टक्के जीएसटी आहे, आणि दिलेली "सूट" बहुधा तिथूनच आलेली असते. बिलाशिवाय वॉरंटीचा दावा करता येत नाही.

१३. जुना कॅमेरा घेताना काय तपासावे?

लेन्स काढून तिच्यात मागून टॉर्चचा उजेड टाकावा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी आहे आणि व्यवहार तेथेच थांबवावा. मग एफ/१६वर, म्हणजे लेन्सचे छिद्र लहान करून, पांढऱ्या भिंतीचा फोटो काढून सेन्सरवरील धुळीचे ठिपके पाहावेत. ते साफ करता येतात, म्हणून ते भाव पाडण्याचे कारण आहे, नकाराचे नव्हे. या वर्गातील शटर साधारण एक लाख फोटोंच्या हिशेबाने बनवलेले असते. निकॉनच्या फोटोफाइलमध्ये हा आकडा नोंदलेला सापडतो. कॅननच्या या मॉडेलांत तो फाइलमध्ये नसतो, त्यामुळे "फक्त दोन हजार क्लिक" या दाव्याचा पुरावा मागावा. शेवटी डायॉप्टरची चाकी फिरते का, तेही पाहावे. वर्षानुवर्षे न फिरवल्याने ती अडकलेली असू शकते.

१४. आमचे घर कोकणात आहे. पावसाळ्यात कॅमेरा कसा ठेवावा?

कापडी बॅगेत घालून बंद कपाटात ठेवणे ही बुरशीला दिलेली सर्वांत चांगली सोय आहे, आणि बुरशी लेन्सवरील लेप कायमचा खाऊन टाकते. घट्ट झाकणाच्या पारदर्शक डब्यात सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रतामापक ठेवून आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांच्या आसपास राखावी. रंग बदलणारे जेल घेतल्यास ते कधी तापवून पुन्हा कोरडे करायचे, हे लगेच कळते. त्याहून साधा उपाय म्हणजे कॅमेरा आठवड्यातून एकदा तरी बाहेर काढून वापरणे.

१५. कायम ऑटोवरच वापरणार असतील तर पैसे वाया गेले असे समजायचे का?

मुळीच नाही. फक्त ऑटो मोडमध्ये अंधारात फ्लॅश आपोआप उडतो आणि देवघरातील समईच्या उजेडाचा सारा रंग घालवतो, म्हणून पी मोड लावून द्यावा. त्यात बाकीचे सारे कॅमेराच ठरवतो, पण फ्लॅश सांगितल्याशिवाय उडत नाही. आयएसओ (सेन्सरची प्रकाशाला असलेली संवेदनशीलता) ऑटोवर ठेवून कमाल मर्यादा ३२०० करावी आणि फोकससाठी मधला एकच बिंदू निवडावा, म्हणजे कॅमेरा नातीऐवजी तिच्यामागच्या पडद्यावर फोकस करणार नाही.

१६. बाबांकडे फिल्म कॅमेऱ्याच्या जुन्या लेन्स आहेत. त्या चालतील का?

कोणत्या घराण्याच्या आहेत, यावर ते अवलंबून आहे. कॅननची ईएफ माउंट, म्हणजे लेन्स बॉडीला बसवण्याची रचना, १९८७मध्ये आली. त्या फिल्म कॅमेऱ्यांच्या ईएफ लेन्स १५००डी किंवा २००डी मार्क टूवर ऑटोफोकससह चालतात. त्याआधीच्या एफडी लेन्स नीट बसत नाहीत. निकॉनची एफ माउंट १९५९पासूनची आहे, त्यामुळे निकॉनच्या एआय लेन्स डी३५००वर बसतात, पण फोकस हाताने करावा लागतो आणि उजेडाचे मापनही होत नाही. ऑटोफोकसच्या जुन्या एएफ-डी लेन्स फसव्या आहेत: नावात ऑटोफोकस असले तरी तो चालवणारी मोटर डी३५०० आणि डी५६००च्या बॉडीत नाही, म्हणून त्यांचाही फोकस हातानेच करावा लागतो. ज्यांनी वर्षानुवर्षे हाताने फोकस केला, अशा बाबांना हे ओझे वाटेलच असे नाही. पण नव्या कॅमेऱ्यांच्या व्ह्यूफाइंडरमध्ये जुन्यासारखी दुभंगणारी प्रतिमा नसते, तेव्हा डी३५००मध्ये फोकस जुळल्यावर उजळणारा हिरवा ठिपका त्यांना दाखवून द्यावा.

१७. आई डावा डोळा लावते आणि नाक पडद्याला टेकून सेटिंग बदलते. उपाय काय?

डावा डोळा वापरणाऱ्यांना स्पर्शपडद्यावर ही अडचण हमखास येते. २००डी मार्क टू आणि डी५६०० यांचा पडदा उलटा वळवून काचेची बाजू आत ठेवून बंद करता येतो. मग नाक फक्त प्लॅस्टिकला लागते, काचेवर बोटांचे ठसेही उमटत नाहीत. फोटो पाहायचा असेल तेव्हा तो उघडावा. १५००डी आणि डी३५००मध्ये पडद्याला स्पर्श कळतच नसल्याने हा प्रश्न उद्भवत नाही, फक्त काच वारंवार पुसावी लागते.